यामाहा बॅन्शीसाठी विश्वासार्ह क्रँक कसा निवडावा

यामाहाची बॅन्शी, म्हणजे वायएफझेड ३५० हे खडबडीत जमिनीवर व वाळूत चालणारे चारचाकी एटीव्ही, अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकले गेले. विक्री थांबून इतकी वर्षे लोटली, तरी दक्षिण कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांपासून मिशिगनमधील सिल्व्हर लेकपर्यंत ही गाडी आजही धावते. तिचे इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ५४ मिमी. आपल्याकडील राजदूत ३५० च्या इंजिनाची मापेही हीच असल्यामुळे पुण्या-कोल्हापुरात ती गाडी सांभाळलेल्या मंडळींना पुढील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. मात्र बोअर आणि स्ट्रोक जुळले म्हणून एका इंजिनाचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा शाफ्ट) दुसऱ्यात बसेल, असे गृहीत धरून मागणी नोंदवू नये. शाफ्टची टोके, बेअरिंगच्या जागा आणि मॅग्नेट बसतो तो निमुळता भाग (टेपर) ताडून पाहिल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही.

वापरलेली बॅन्शी विकत घेतली की पहिल्या मोठ्या खर्चाचा प्रश्न बहुधा क्रँकचाच येतो. मूळ सुटा भाग मिळाला नाही किंवा इंजिनाची ताकद वाढवायची असली, तर बाजारातील इतर कंपन्यांचे क्रँक पाहावे लागतात. नवखा माणूस येथे डब्यावरील नाव आणि किंमत पाहून ठरवतो. माझे मत असे आहे की नावापेक्षा क्रँक कोणी प्रेस केला, कोणी सरळ केला आणि बसवण्यापूर्वी कोणी मोजला, याला अधिक महत्त्व आहे. पुढील सर्व पायऱ्या याच मुद्द्यावर उभ्या आहेत.

आधी क्रँकची रचना समजून घ्यावी

मोटारीच्या इंजिनात क्रँक सहसा अखंड असतो आणि कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक दोन भागांत उघडते. बॅन्शीत याच्या उलट आहे. येथे रॉड अखंड असतो आणि क्रँक जोडून तयार केलेला असतो. चार जड चकत्या, त्यांच्यामध्ये दोन क्रँकपिना, प्रत्येक पिनेवर सुयांचे बेअरिंग आणि रॉड, दोन्ही सिलिंडरच्या क्रँककक्षांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे मधले सील आणि चार मुख्य बेअरिंग, असा हा संच असतो. त्याला एकत्र धरून ठेवणारा बोल्ट किंवा चावी कोठेही नसते. पिन तिच्या भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटरने जाड असते आणि हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून ती भोकात बसवलेली असते. सगळी पकड त्या दाबाची आहे.

यावरून क्रँक कोठे दगा देतो हेही कळते. धक्का बसला तर चकती पिनेभोवती किंचित फिरते आणि क्रँक ‘आउट’ होतो, म्हणजे सरळ रेषेत राहत नाही. पेट्रोलमधील ऑइल कमी पडले तर रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग सर्वांत आधी तापते, कारण टू-स्ट्रोकमध्ये त्याला पेट्रोलसोबत येणाऱ्या ऑइलाशिवाय दुसरे वंगण नसते. गाडी हिवाळाभर ओलसर गॅरेजमध्ये उभी राहिली तर मुख्य बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या हंगामात तीच बेअरिंग खरखरू लागतात.

पहिली पायरी: जुना क्रँक का गेला, हे शोधावे

ही पायरी गाळून थेट नवा क्रँक मागवणारे बरेच असतात आणि त्यांचा नवा क्रँकही त्याच कारणाने जातो. म्हणून इंजिन उघडल्यावर जुना क्रँक लगेच धुऊन टाकू नये. रॉडच्या मोठ्या टोकाजवळील वॉशर निळसर झाले असतील, तर तेथे उष्णता वाढली होती. मिश्रणातील ऑइल कमी होते की कोठून तरी जास्तीची हवा आत येऊन मिश्रण पातळ होत होते, हे पाहावे लागेल. बेअरिंगच्या पिंजऱ्याचे तुकडे झाले असतील, तर फार जास्त आरपीएम, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके) किंवा बेअरिंगचे संपलेले आयुष्य, यांपैकी काहीतरी घडले आहे. खालच्या भागात बारीक वाळू सापडली, तर दोष एअर फिल्टरच्या बसवणीत आहे आणि तो दूर होईपर्यंत कोणताही क्रँक टिकणार नाही.

ऑइल सीलकडे विशेष लक्ष द्यावे. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि त्या बाजूचा सिलिंडर पातळ मिश्रणावर तापतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधील ऑइल ओढले जाऊन जळते. धूर वाढतो आणि गिअर ऑइलची पातळी विनाकारण उतरत जाते. दोन्ही पिस्टनांचे माथे शेजारी ठेवून पाहिल्यास कोणती बाजू जास्त तापली, हे बहुधा रंगावरूनच दिसते.

शेवटी केसिंगमधील (क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या कवचातील) बेअरिंगच्या बैठका तपासाव्यात. बेअरिंगची बाहेरची रेस (कडे) केसिंगमध्ये फिरलेली असेल, तर बैठक चकचकीत आणि मोठी झालेली दिसते. अशा केसिंगमध्ये महागडा क्रँक बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आधी केसिंगचा विचार करावा.

दुसरी पायरी: गाडी कशासाठी वापरायची, हे प्रामाणिकपणे ठरवावे

झाडीतील वाटांवर आणि टेकड्यांवर रमतगमत फिरवायच्या गाडीला मूळ स्ट्रोकचा, नीट सरळ केलेला क्रँक पुरतो. एक्झॉस्ट पाइप व रीड (इनटेकची झडप) बदललेल्या आणि माफक पोर्टिंग (सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट, म्हणजे वायू ये-जा करणारी भोके, घासून मोठी करणे) केलेल्या इंजिनालाही बहुतेक वेळा तोच योग्य. वाळूतील ड्रॅग शर्यतीचे प्रकरण वेगळे आहे. तेथे मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर असतात आणि ते वाळूला घट्ट धरतात, म्हणून क्लच सोडताच संपूर्ण भार क्षणात क्रँकवर येतो. उडी मारून थ्रॉटल उघडा असतानाच जमिनीवर उतरणाऱ्याच्या गाडीतही असेच होते. हवेत मोकळी फिरणारी चाके टेकताच अडतात आणि तो झटका चेन व गिअरबॉक्समार्गे चकत्यांपर्यंत पोहोचतो. अशा वापरासाठी पिना वेल्ड केलेला क्रँक विचारात घ्यावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरी पायरी: चार पर्यायांतून निवड

पहिला पर्याय म्हणजे यामाहाच्या मूळ चकत्या ठेवून त्यांत नवे रॉड, पिना आणि बेअरिंग घालून घेणे. जुना क्रँक उपलब्ध असेल तर नवख्याने सर्वप्रथम याचाच विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मूळ चकत्यांचे पोलाद आणि यंत्रकाम उत्तम असते आणि चांगल्या कारागिराच्या हाती त्या पुन्हा अचूक बसतात. मर्यादा एवढीच की दर वेळी पिन काढून घालताना चकतीचे भोक किंचित झिजते. अनेकदा उघडलेल्या चकत्यांत दाबाची पकड उरत नाही. म्हणून कारागिराला पिनेचे आणि भोकाचे माप घेऊन किती पकड शिल्लक आहे हे सांगायला लावावे. भोकाच्या आत ओरखडे असतील किंवा कोणी पकड वाढवण्यासाठी पंच मारलेले असतील, तर त्या चकत्या सोडून द्याव्यात.

दुसरा पर्याय मूळ स्ट्रोकचा तयार क्रँक. हॉट रॉड्स, वायझको यांसारख्या कंपन्यांच्या नावाने असे क्रँक विकले गेले आहेत आणि प्रोएक्ससारख्या कंपन्यांचे सुटे रॉड किटही मिळते. तयार क्रँक डब्यातून काढून थेट बसवता येतो, अशी अनेकांची समजूत असते. तो मोजल्याशिवाय बसवू नये. कारखान्यातून सरळ निघालेला क्रँकसुद्धा वाहतुकीत पडल्यास आउट होऊ शकतो, कारण त्याला धरून ठेवणारा तोच दाब आहे.

तिसरा पर्याय लांब रॉडचा. मूळ रॉड केंद्रापासून केंद्रापर्यंत ११० मिमीचा असतो. लांब रॉड ११५ मिमीचा. रॉड लांब झाला की तो कमी तिरपा होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी दाबला जातो. पण हा फायदा किती, ते आकड्यात पाहावे: ५४ मिमी स्ट्रोकवर रॉडचा कमाल तिरपेपणा साधारण ४ टक्क्यांनी घटतो आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचताना येणारा प्रवेग जेमतेम १ टक्क्याने. त्यामुळे केवळ क्रँक जास्त टिकावा म्हणून लांब रॉड घेण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय ५ मिमीची भर कोठेतरी सामावून घ्यावी लागते. एकतर पिनेचे भोक वर सरकवलेले पिस्टन घ्यावे लागतात किंवा सिलिंडरखाली जाड पट्टी द्यावी लागते. जुने पिस्टन तसेच ठेवून लांब रॉड बसवता येत नाहीत.

चौथा पर्याय स्ट्रोकर, म्हणजे स्ट्रोक वाढवणारा क्रँक, आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. बॅन्शीत ४ मिमीचा स्ट्रोकर लोकप्रिय आहे. स्ट्रोक ५४ चा ५८ मिमी होतो आणि ६४ मिमी बोअरवर इंजिन सुमारे ३७३ सीसीचे बनते. कमी आरपीएमची ओढ वाढते, हे खरे आहे. पण पिस्टन आता वर २ मिमी जास्त आणि खाली २ मिमी जास्त जातो. वरच्या बाजूला हेडच्या घुमटात तेवढी जागा करावी लागते, नाहीतर पिस्टन हेडवर आदळेल. सिलिंडरखाली पट्टी घालून ही जागा केली, तर सर्व पोर्ट त्या पट्टीइतके वर सरकतात आणि इंजिनाचा स्वभावच बदलतो. दोन्ही परिस्थितींत पोर्टचा वेळ पुन्हा मोजावा लागतो. खालच्या बाजूला पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) चकतीला आणि रॉड केसिंगला लागत नाही ना, हे हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहावे लागते, आणि गरज पडल्यास केसिंगमधील धातू कमी करावा लागतो.

स्ट्रोकरमुळे भारही वाढतो. १०,००० आरपीएमला मूळ स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर असतो. ५८ मिमीवर तो १९.३ मीटर होतो. वरच्या टोकाचा प्रवेग, आणि त्यासोबत रॉड व पिनेवरील ताण, त्याच ११० मिमी रॉडवर सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे स्ट्रोकर घेणाऱ्याने कमाल आरपीएम थोडे खाली ठेवले तरच क्रँकचे आयुष्य पूर्वीइतके राहील. सिलिंडर, हेड आणि पोर्टिंग यांचे काम एकाच जाणकाराकडून करून घेण्याची तयारी नसेल, तर पहिल्या इंजिनासाठी स्ट्रोकर घेऊ नये.

चौथी पायरी: विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. मुख्य बेअरिंग कोणत्या कंपनीची आहेत आणि त्यांची आतली मोकळीक कोणत्या श्रेणीची आहे? एनटीएन, कोयो, एनएसके, नाची ही जपानी नावे भरवशाची आहेत, मात्र त्यांच्या नकलाही बाजारात असतात, म्हणून बेअरिंगवरील कोरीव अक्षरे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र मागावे. प्रेसने बसवलेल्या आणि तापणाऱ्या बेअरिंगमध्ये साध्या बेअरिंगपेक्षा थोडी अधिक मोकळीक लागते. तिला सी३ म्हणतात. रॉड घडाई केलेल्या पोलादाचे आहेत का? मोठ्या टोकाच्या बेअरिंगच्या पिंजऱ्यावर चांदीचा मुलामा आहे का? तेच रॉड आणि त्याच पिना पुढे सुट्या मिळतील का? शेवटचा प्रश्न नवखे विचारत नाहीत, आणि मग वर्षभराने रिबिल्ड करताना अडून बसतात.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे: क्रँकचा रन-आउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डुलतो ते माप, किती आणि तो कसा मोजला? डायल गेजची सुई एका फेऱ्यात जितकी हलते, तो पूर्ण आकडा शाफ्टच्या खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो. एक विक्रेता पूर्ण आकडा सांगतो, दुसरा निम्मा. तुलना करण्यापूर्वी दोघांचा आकडा एकाच पद्धतीचा करून घ्यावा. चांगले रिबिल्डर सुईची पूर्ण हालचाल ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आत आणतात. ०.०५ मिमीच्या वर गेलेला क्रँक मी कोणालाही बसवू देणार नाही.

वेल्डिंगविषयीही येथेच विचारावे. क्रँक सरळ केल्यानंतर पिनेचे टोक आणि चकती यांच्या सांध्यावर टिग वेल्डिंगचे टाके घालतात, म्हणजे झटका बसला तरी चकती फिरत नाही. ड्रॅगच्या आणि मोठ्या ताकदीच्या इंजिनांना हे काम आवश्यक आहे. साध्या इंजिनाला त्याची गरज नाही आणि त्याचा तोटाही आहे, कारण पुढच्या रिबिल्डला ते टाके ग्राइंडरने काढावे लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँक ओढला जाऊ शकतो, म्हणून रन-आउट वेल्डिंगनंतर पुन्हा मोजला होता का, हे नक्की विचारावे. ‘आधी मोजला होता’ हे उत्तर पुरेसे नाही.

पाचवी पायरी: हाती आल्यावर मोजणी

क्रँक मऊ कापडावर जुन्या क्रँकशेजारी ठेवावा. एकूण लांबी, चकत्यांचा व्यास, बेअरिंगमधील अंतरे आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवरील पिनांच्या जागा व्हर्नियरने आणि नजरेने ताडून पाहाव्यात. मॅग्नेट टेपरवर कोरडाच बसवून हाताने दाबून पाहावा. तो डुलत असेल तर टेपर जुळत नाही, आणि वुडरफ चावी (मॅग्नेटची जागा ठरवणारा अर्धगोल तुकडा) त्याची भरपाई करू शकत नाही.

रॉडची तपासणी हाताने होते. रॉड सरळ वर धरून वर-खाली ओढावा. या दिशेने कोणतीही मोकळीक जाणवता कामा नये आणि टक असा आवाज येता कामा नये. बाजूच्या दिशेने मात्र रॉडला थोडी मोकळीक असतेच; ती मोठ्या टोकाजवळ फीलर गेज घालून मोजावी आणि मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडावी. ही बाजूची हालचाल पाहून क्रँक खराब आहे असे समजणारे नवखे खूप असतात. बेअरिंग बोटाने सावकाश फिरवावी. गुळगुळीत फिरली पाहिजेत, कोठेही खडा लागल्यासारखे वाटू नये.

मग रन-आउट. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर बाहेरच्या बेअरिंगवर टेकवावा किंवा लेथवर दोन सेंटरमध्ये धरावा. डायल गेजची टीप शाफ्टच्या स्वच्छ, गोल भागावर लावून क्रँक अगदी हळू एक पूर्ण फेरा फिरवावा. चावीच्या खाचेवर टीप नेऊ नये. दोन्ही टोकांना आणि शक्य असेल तेथे मधल्या बेअरिंगपाशीही वाचन घ्यावे, कारण दोन्ही टोके सरळ दाखवणारा चार चकत्यांचा क्रँक मध्ये वाकलेला असू शकतो. घरी साधने नसतील तर हे काम क्रँकचे काम करणाऱ्या वर्कशॉपकडून करून घ्यावे. आउट निघालेला क्रँक स्वतः तांब्याच्या हातोडीने सरळ करण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये. तो परत पाठवावा.

बॅन्शीत आणखी एक माप घ्यावेच लागते. तिच्या दोन पिना एकमेकींपासून १८० अंशांवर असतात आणि दोन्ही स्पार्क प्लग एकाच कॉइलवर चालतात. पिनांमध्ये एका अंशाचा फरक असला, तर एका सिलिंडरचे टायमिंग (ठिणगीची वेळ) एका अंशाने चुकते आणि स्टेटर (मॅग्नेटच्या आतील, ठिणगीची वेळ ठरवणारा स्थिर भाग) कितीही फिरवला तरी दोन्ही एकदम बरोबर येत नाहीत. जास्त ताकदीच्या इंजिनात हा एक अंश एका पिस्टनला नॉकिंगकडे नेऊ शकतो. इंजिन जुळल्यावर शाफ्टवर अंशांची तबकडी लावून आणि प्लगच्या भोकात डायल गेज घालून हे तपासता येते. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा असतो, त्यामुळे नेमके टोक तेथे पाहून सापडत नाही. पिस्टन टोकाच्या २ मिमी आधी आणि २ मिमी नंतर असतानाचे अंश वाचून त्यांचा मध्य काढावा. दोन्ही सिलिंडरचे मध्य १८० अंशांवर आले पाहिजेत.

सहावी पायरी: बसवताना घ्यायची काळजी

केसिंग आडवे उघडते, म्हणून क्रँक खालच्या किंवा वरच्या अर्ध्या भागात अलगद ठेवता येतो. ठोकण्याची गरज कोठेही पडत नाही. बेअरिंगच्या पिना आपापल्या खाचांत बसल्या आहेत याची खात्री करावी. पिन बाहेर राहिली आणि बोल्ट आवळले, तर केसिंग कायमचे खराब होते. दोन्ही ऑइल सील नवीच घ्यावीत, त्यांच्या ओठांना ग्रीस लावावे. बेअरिंगना आणि रॉडच्या दोन्ही टोकांना टू-स्ट्रोक ऑइल द्यावे. बोल्ट आवळून झाल्यावर क्रँक हाताने फिरवावा. तो आवळण्यापूर्वीपेक्षा जड झाला असेल, तर पुन्हा उघडावे. मॅग्नेट काढताना नेहमी त्याचा ठरलेला पुलर वापरावा. शाफ्टच्या टोकावर मारलेला हातोडीचा एक घाव आतापर्यंत मोजलेले सारे आकडे बिघडवू शकतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी गळती चाचणी करावी. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरावी आणि ६ मिनिटे दाब टिकतो का, ते पाहावे. दाब उतरला तर साबणाचे पाणी सील, सिलिंडरचा तळ आणि केसिंगचा सांधा येथे लावून बुडबुडे शोधावेत.

पहिल्या पेट्रोलासाठी चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक ऑइल ३२:१ प्रमाणात, म्हणजे लिटरला सुमारे ३१ मिली, मिसळावे. जेटिंग थोडे गडद ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल थोडे जास्त जाईल असे. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत हलक्या थ्रॉटलवर चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हे दोन-तीन वेळा करावे. त्यानंतर हेडचे नट व मॅग्नेटचा नट मॅन्युअलमधील टॉर्कला पुन्हा तपासावेत, गिअर ऑइलची पातळी पाहावी, दोन्ही प्लग काढून त्यांचा रंग शेजारी ठेवून ताडावा आणि रन-आउटचे, बाजूच्या मोकळिकीचे व पिनांच्या अंशांचे सर्व आकडे तारखेसह वहीत नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर काय बदलले ते आकड्यांवरून कळेल.